शाल पांघरून सांगितलेलं वजन

अण्णा, आधी माझ्या हातांनी काय काय केलं ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मध्ये बोलणार नाही. यशवंतपूरच्या कांदा-बटाटा बाजारातले कितीतरी प्लॅटफॉर्म काटे माझे. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीसाठी दोन टनांचा काटा केला, जमिनीत बसवलेला, वरून भरलेली ट्रॉली गेली तरी बरोबर शून्यावर परत येणारा. तान्ह्या बाळांसाठी पाळण्याचा काटा केला, त्याची प्रत्येक कड मी स्वतः कानस मारून गोल केली. सोनाराचाही एक करून पाहिला, तो पंख्याच्या वाऱ्याने हलायचा, म्हणून मोडून टाकला. तेही सांगितलेलं बरं. कापणं, वेल्डिंग, वायरिंग सगळं माझं, आणि ते मला कोणी शिकवलं नाही. डिप्लोमा अर्धवट सोडला तो सोडलाच. वजनमाप खात्याचा माणूस शिक्का मारायला येतो तेव्हा शेडमध्ये मान फिरवून कानडीत विचारतो, "इंजिनियर एल्लि?" इंजिनियर कुठे आहे? मी हात पुसत पुढे होतो.

राजाजीनगरच्या घरातलं स्वयंपाकघर मला अजून तसंच्या तसं दिसतं. कारखान्यातली वर्षाची वैद्यकीय तपासणी उरकून तुम्ही आला आहात, पाटावर बसता बसता जाहीर करता, "ब्याऐंशी!" दवाखान्याचा कंपाउंडर तुमचा भजनातला दोस्त. आई तव्यावरून नजर न काढता म्हणते, "आणि उरलेले पंधरा किलो काय दवाखान्यातच ठेवून आलात?" तुम्ही इतके हसता की ताटातली आमटी हिंदकळते. मग जरा आवाज उतरवून सांगता, "अगं, खरं लिहिलं तर डॉक्टर छाती तपासत बसणार. मग लेथवरून काढून स्टोअरमध्ये टाकतील. मी काय आता नट-बोल्ट वाटत बसू?" आई पुढची पोळी लाटायला घेते. पोळीवर तूप मात्र नेहमीएवढंच पडतं.

त्याच सुमारास मी बाजारातल्या एका व्यापाऱ्याचा मोडका काटा दुरुस्तीला घरी आणला होता. पहिलंच काम. पात्यांच्या धारा घासून सरळ केल्या, दांडी बसवली आणि तुम्हाला म्हणालो, अण्णा, जरा उभे राहा. दांडी सत्त्याण्णववर थांबली. तुम्ही एक पाय खाली घेतलात, परत वर ठेवलात. पुन्हा सत्त्याण्णव. "तुझा काटा बिघडलाय," तुम्ही म्हणालात, "कुणा शिकलेल्या माणसाकडून तपासून घे." आणि चपला घालून बाहेर गेलात. त्या वर्षी दिवाळीच्या आधी तुम्ही लेथसमोरच खाली बसलात, ते उठला नाहीत. काटा बरोबर होता, अण्णा. तुम्हाला तोललं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्याच्यावर वीस-वीस किलोची पाच शिक्क्याची वजनं ठेवून पाहिली होती. शंभरला शंभर.

तुमच्याकडून मला अंग आलं तसं हृदयही आलं. पन्नाशीच्या आतच दोन स्टेंट बसले. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा. मी उतरवलं, परत चढलं, पुन्हा उतरवलं. दर सोमवारी शेडमधला मोठा काटा तपासून झाला की मी त्याच्यावर उभा राहतो, म्हणून माझं वजन मला कधी अंदाजे माहीत नसतं, नेमकं माहीत असतं. करोनाची दुसरी लाट आली तेव्हा ते एकशे नऊ किलो होतं. हा करोना म्हणजे फुप्फुसात उतरणारा ताप, तुमच्या वेळी नव्हता. गावात ऑक्सिजनची खाट मिळेना. टीव्हीवर डॉक्टर मंडळी सांगत होती की ज्यांना हृदयाचं दुखणं आहे आणि वर अंगही जास्त आहे, त्यांना हा आजार जड जातो. तेवढं ऐकून आमच्या गल्लीत पुढचं कुणीतरी जोडलं: असल्या माणसांना हॉस्पिटलवाले दारातूनच परत पाठवतात, वाचणाऱ्याला खाट देतात. ते तुमच्या सुनेच्या कानावर पडलं.

माझा श्वास लागायला लागला त्या सकाळी तिने कपाटातून तिची मोठी काळी शाल काढली. एप्रिलचा उकाडा, आणि मला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलं. मला वाटलं थंडी वाजेल म्हणून. तीन ठिकाणी नाही म्हटल्यावर चौथ्या हॉस्पिटलच्या आवारात मला एका स्ट्रेचरवर घेतलं, तोंडावर मास्क लावला. प्लास्टिकच्या पोशाखातली एक तरुण डॉक्टरीण आली, फक्त डोळे दिसत होते, तेही थकलेले. हृदयाचं काही? असं विचारलं. स्टेंटचं कार्ड माझ्या खिशातच होतं, ते लपण्यासारखं नव्हतं. मग तिने विचारलं, "तूक एष्टु?" वजन किती?

"एंबत्तैदु," तुमची सून ताडकन म्हणाली. पंच्याऐंशी. आणि शाल आणखी आवळली.

तेव्हा मला शालीचं कळलं. डॉक्टरीण लिहीत होती. मी तिच्या पेनाकडे बघत होतो, आणि अण्णा, माझ्या मनात सरळ दोन गोष्टी आल्या. खरं सांगितलं आणि गल्लीतली बातमी खरी असली, तर हे स्ट्रेचर आता फाटकाकडे वळेल, आणि पाचव्या ठिकाणापर्यंत मी टिकणार नाही. नाही सांगितलं, तर आत जे काही देतील ते पंच्याऐंशी किलोच्या माणसाला देतील, आणि तो माणूस मी नाही. बायकोने माझा हात धरला होता, जोरात. तिला कळलं होतं मी काय करणार ते. तीस वर्षं ती माझ्याबरोबर राहते आहे.

मी मास्क खाली ओढला. "नूर ओंबत्तु," म्हणालो. एकशे नऊ.

"अंकल, मास्क तेगीबेडी!" डॉक्टरीण ओरडली, काढू नका! आणि माझ्याकडे, मग शालीकडे, मग बायकोकडे पाहिलं. लिहिलेलं खोडलं आणि आत निघून गेली.

"झालं?" बायको म्हणाली. "समाधान झालं? आता परत पाठवलं ना, की जा तुमच्या शेडमध्ये, आणि बसा त्या काट्यावर. हॉस्पिटलच्या दारातसुद्धा तुम्हाला बरोबरच असायचं असतं." मी मास्क परत नाकावर ओढला. आतून कोणी येईना. शेजारच्या रिक्षेत एक बाई मोठ्याने कुणाला तरी फोनवर पत्ता सांगत होती. बायकोने माझ्या अंगावरची शाल काढली, नीट घडी केली आणि स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली, जणू आता लपवायला काही उरलंच नाही.

डॉक्टरीण परत आली ती एका वॉर्डबॉयला घेऊन. "आंटी," ती बायकोला म्हणाली, कानडीतच, पण तुम्हाला मराठीत सांगतो, "खाटेसाठी वजन विचारलं नव्हतं. रक्त पातळ करायचं इंजेक्शन वजनावर द्यायचं असतं. हार्टचा माणूस, कमी पडलं तर गाठ होते. सरी?" ठीक? बायको म्हणाली, "सरी." आणि मग रडली. स्ट्रेचर आत वळलं.

आत माझ्या शेजारी एक हडकुळे गृहस्थ होते. हृदय अशक्त, जेवण जाईना, वजन चाळीसच्या आत. मला वाटे हा हलका माणूस माझ्याआधी चालत घरी जाईल. तो घरी गेलाच नाही, तिथेच वारला. मी त्या डॉक्टरणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, हृदयाच्या माणसाचं अंग असं झडत जाणं हेही वाईटच अंकल, आजाराशी झुंजायला शरीरात काही शिल्लक राहत नाही. म्हणजे गल्लीतल्या हिशेबासारखं ते सरळ नव्हतं. मी वाचलो त्यात माझ्या खरं बोलण्याचा वाटा किती, हे कुणीच मला नेमकं सांगू शकलं नाही. इतर कुणाला ते चाललं असतं. मला अजून टोचतं.

तुम्ही लेथवर राहायला पंधरा किलो लपवलेत, हिने मला जिवंत ठेवायला चोवीस. तिच्यावर मला राग धरता येत नाही. तुमच्यावर मी बरीच वर्षं धरला.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. पुण्याहून इकडे आलेला एक पोरगेलासा माणूस शेडवर आला. वजन कमी करून देणारी क्लिनिकं काढतोय, त्याला माणसं मोजायचे काटे हवे होते. चहा पिता पिता म्हणाला, "काका, एक छोटी रिक्वायरमेंट आहे. दर महिन्याला रीडिंग दीड-दोन किलो कमी दाखवायचं, रिमोटवर. क्लायंट मोटिव्हेटेड राहतो." मी विचारलं, तुमच्याकडे हृदयाचे पेशंट येतात का? तो उत्साहाने म्हणाला, "भरपूर! त्यांना तर मोटिव्हेशन जास्तच लागतं." मी त्याला चहा संपवू दिला आणि शेडचं फाटक दाखवलं. बायकोला एवढंच सांगितलं की गिऱ्हाईक जमलं नाही.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहितो. नाही म्हणण्याआधी मी त्याला रक्कम विचारली होती, आणि ऐकू आली असतानाही पुन्हा एकदा विचारली. तीनशे काट्यांचे एकोणीस लाख ऐंशी हजार, अण्णा, निम्मे आगाऊ.