डाव्या डोळ्याखालचा तीळ

ता. ३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
ठमीचा सा. न. वि. वि.

भावजींची कंबर धरली हे वाचून वाईट वाटलं, पण कपाट एकट्यानं सरकवायला त्यांना सांगितलं कुणी होतं? आता पंधरा दिवस हलायचं नाही, अशी मेव्हणीची आज्ञा आहे म्हणावं.

इकडे माझीच अब्रू गेली आहे. मागच्या आठवड्यात स्टुडिओत सत्तरीच्या एक बाई फोटो काढून गेल्या. मी नेहमीसारखी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून त्यांच्या सुरकुत्या सौम्य केल्या. फोटो न्यायला आल्या तेव्हा बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, माझा तीळ कुठे गेला? डाव्या डोळ्याखाली चांगला मसुरीच्या दाण्याएवढा तीळ. मी तो घालवला होता आणि माझा मलाच पत्ता नव्हता!

स्टुडिओचे मालक म्हणाले, ही काही पहिली वेळ नाही. मी कडाकडा भांडले. तेव्हा त्यांनी जुन्या निगेटिव्हचे डबे पुढ्यात ठेवले. तिरक्या धरल्या की पेन्सिल चकाकते. ताई, माझ्या इथल्या तेवीस वर्षांत अकरा बायका. अकराहीजणींचा डाव्या डोळ्याखालचा तीळ मी पेन्सिलनं भरून टाकला आहे. उजव्या गालावरचे, हनुवटीवरचे तीळ मात्र जागच्या जागी. हे मी केलं म्हणावं तर मला त्यातलं एकही आठवत नाही.

बाई रागावल्या नाहीत. नीट करून टपालानं पाठवा म्हणाल्या आणि पत्ता लिहून दिला. जाताना सारख्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मला काही सुचत नाही, तूच सांग, मला वेड लागलंय का?

धाकटीवर माया आहेच, ती पत्रातूनही पाठव.
तुझी, ठमी

ता. ९ फेब्रुवारी

चि. सौ. ठमीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ओट्याशी उभ्यानं वाचलं आणि तिथेच खाली बसले. माझा चेहरा बघून यांनी विचारलं, कोण गेलं?

तुला वेड लागलेलं नाही. मी तुझी गुन्हेगार आहे, हवी तेवढी रागव, पण शेवटपर्यंत वाच. ती बाई आपली आई आहे.

तीन महिन्यांपूर्वी तिनं मला शोधून काढलं. तुझी चौकशी केली. धाकटीला तुझा चेहराही आठवत नाही, तिच्या वाटेला जाऊ नकोस, असं मी तिला सुनावलं. लांबून एकदा बघते, एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी ओळख द्यायची नाही अशी माझ्या गळ्याची शपथ घालून मी स्टुडिओचा पत्ता दिला.

ती घर सोडून गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. बाबांनी तिचे सगळे फोटो फाडले. पुढे तू नेहमी म्हणायचीस, जे आठवतच नाही त्याचं दुःख कसलं? मी ते खरं मानलं, कारण मला ते सोयीचं होतं. पण त्या तिळावर बोट ठेवल्याशिवाय तू झोपत नसायचीस, ठमे. ती गेल्यावर तीन दिवस तू माझ्या गालावर तो शोधलास. चौथ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपलीस आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाहीस.

तू तिला ओळखलं नाहीस, तुझ्या हातानं ओळखलं. तिला भेटायचं नसेल तर तसं लिही, मी तिला कळवीन.

रागातही पत्र टाकायला विसरू नकोस.
तुझी, ताई

ता. १६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी ते पुन्हापुन्हा वाचलं. तिसऱ्या दिवशी तुझ्या नावानं इतका आरडाओरडा केला की शेजारीण धावत आली. अजूनही तुझ्यावर चिडलेली आहे.

शनिवारी ती निगेटिव्ह काढली. कापसानं पेन्सिल पुसली, तीळ परत आला. ठरवलं, त्याला हात लावायचा नाही, फक्त कपाळावरच्या दोन रेघा. छापून बघते तर तीळ नाही! ताई, दिवसाढवळ्या, सगळं माहीत असताना, माझ्याच हातानं. मी पेन्सिल भिरकावली. मालकांनी पाणी आणून दिलं. मला आईचा राग नाही असं मी जन्मभर सांगत आले. केवढा राग आहे गं माझ्यात, आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती.

मग निगेटिव्ह पुन्हा पुसली. या वेळी पेन्सिल उचलून मालकांच्या खिशात ठेवायला दिली आणि सुरकुत्यांसकट फोटो छापला. ओल्या फोटोला बोट लावायचं नसतं, डाग पडतो, हे मीच नव्या पोरींना शिकवते. मी तिळावर बोट ठेवलं. किती वेळ, कोण जाणे.

फोटोवर बोटाचा ठसा उमटला आहे. दुसरी प्रत काढणार नाही आणि टपालानं पाठवणारही नाही. तिला कळव, स्टुडिओ दहाला उघडतो. स्वतः येऊन घेऊन जा म्हणावं.

चिडलेली असले तरी तुझीच,
ठमी