बेंदराचा हिंगूळ

बिरोबावाडी, ता. मोहोळ
६ जुलै १९७८

ती. बिरप्पा दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा मायाप्पाचा शि. सा. न. वि. वि.

हितं समदी खुशाल हायती. बेंदराहून आक्का नीट पोचली का ते तुमी कळवलं न्हाई. तिनं सांगितलंच असंल की औंदा आमी बैलांच्या जागी पिकप उभी केली. जोडी इकून गाडी घेतली, मग सण दुसऱ्या कुणाचा करायचा? माझ्या पोरीनं, रुद्राणीनं धुतली, मी टपावर झूल टाकली. शिंगं न्हाईत, म्हणून बैलांच्या शिंगांना लावायचा तांबडा हिंगूळ दिव्यांच्या कडंला फासला आन् डिझेलच्या टोपणावर दोन हात जास्तीचे दिले. खायचं तोंड तेच की तिचं. पुरणपोळीचा घासबी तिथंच टेकवला. आक्का पोट धरून हसत होती.

पण दाजी, सणापासनं गाडीचं काय बिनसलंय कळंना. तुमी मधी पडून ठेकेदाराकडनं काढून दिली, तवा पाण्यागत चालायची. आता पाच-सहा मैल गेली की दम तोडती, दोन आचके देती आन् गप. मी उतरतो, टोपण काढून काडी बुडवून बघतो, डिझेल भरपूर. टोपण लावून सेल्फ मारला की लगीच चालू. पुन्हा पाच-सहा मैलांवर तेच रडगाणं. बाजारला शेरडं घेऊन निघालो तर बाजार उठल्यावर पोचलो. एस्टीतली माणसं हात करून हसत गेली. लई लाज वाटली.

तितं कुणा जाणत्याला इचारून कळवा. सोमलिंगला मामाचा आशीर्वाद. माया हाय तशी राहू द्या.

तुमचा,
मायाप्पा


शुक्रवार पेठ, सोलापूर
१३ जुलै १९७८

चि. मायाप्पास बिरप्पाचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचून तुमची आक्का पुन्हा हसली. म्हणते, गाडीला पुरणपोळी पचली नसेल. मी गिरणीत सुताच्या गोदामावर असतो, मला इंजिनातलं काय कळणार? पण आमच्या लॉरीच्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, डिझेल इंजिन मधेच बंद पडतं ते उपाशी राहिलं म्हणून. एक तर डिझेलात पाणी असेल, नाही तर फिल्टर चोंदला असेल, नाही तर नळीतून हवा शिरत असेल. टाकीपासून पंपापर्यंत एकेक बघत जा, घाईनं सगळं एकदम खोलू नका.

गाडी कशी आहे म्हणून सोमलिंग रोज विचारतो. गाडी कुठल्या गावात आहे आणि त्या घरात कोण आहे, ते आम्हाला ठाऊक आहे. तुळशीचं लग्न झालं की सोमलिंग-रुद्राणीचं उरकून टाकू. आत्याच्या घरी भाची येणार, तिला परकं काय वाटायचंय?

गाडी माझ्या शब्दावर घेतलीत, म्हणून जिवाला घोर आहे. काय होतं ते कळवत राहा, आमची आठवण असू द्या.

बिरप्पा


बिरोबावाडी
१९ ऑगस्ट १९७८

श्री. बिरप्पा यांस मायाप्पाचा नमस्कार.

फिल्टर बदलला. नळ्या बदलल्या. हवा काढली. मिस्त्र्यानं पंप खोलून पुन्हा बसवला. गाडी तशीच. गावात आता तिला मायाप्पाची म्हैस म्हणत्यात, कारण वाटंल तितं बसती. परवा सरपंचाच्या म्हातारीला दवाखान्यात नेताना बसली. म्हातारीला दुसऱ्याच्या बैलगाडीत घालून न्यावं लागलं. बैल इकून हे बघायची पाळी आली.

त्याच तिरिमिरीत तुमच्या दारात येऊन बोललो. बोललो ते बोललो, मागं घेत न्हाई. लंगडी गाडी माझ्या गळ्यात मारताना तुमाला आतलं ठाऊक हुतं का न्हवतं, ते बिरोबाला माहीत. आक्कानं पाणी पुढं केलं ते मी घेतलं न्हाई, ते तिला लागलं असंल. पण मलाबी लागलंय.

गाडी गोठ्यात उभी केलीया. आधी गाडी चालू द्या, मग सोयरिकीचं बघू.

मायाप्पा


शुक्रवार पेठ
२ सप्टेंबर १९७८

चि. मायाप्पास आशीर्वाद.

आमच्या बोळात घराला घर लागून आहे. तुम्ही दारात उभं राहून मला दलाल म्हणालात, ते सगळ्यांनी ऐकलं. नळावर बायका विचारतात म्हणून तुमची आक्का हल्ली उजाडायच्या आत पाणी भरून येते. मी ठेकेदाराकडं जाऊन भांडलो. त्यानं स्वतःच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की गाडीत खोट नव्हती. मी खाली मान घालून परत आलो. कुणाचं खरं, मला कळत नाही. शब्द माझा होता, म्हणून शरम माझीच.

पण रुद्राणीचं तुम्ही रागात लिहिलंत का मनापासून? दसऱ्याला सोनं द्यायला या. आलात तर मागचं मी काढणार नाही. नाही आलात तर नकार धरीन. अक्कलकोटकडचे एक पाहुणे विचारून गेलेत, त्यांना मी तोवर थांबवलंय. पोराला असं टांगून ठेवणं बरं नाही.

घरात सगळ्यांना आमचे आशीर्वाद सांगा.

बिरप्पा


बिरोबावाडी
१४ ऑक्टोबर १९७८

ती. दाजी व सौ. आक्का यांच्या पायांवर मायाप्पाचं डोकं.

दसऱ्याला मी आलो न्हाई. ताठा हुता, दुसरं काय सांगू. तुमचं पत्र खिशात घालून बसलो हुतो.

आज लिहितोय ते लाज बाजूला ठेवून. खंडेनवमीला पूजेसाठी गाडी बाहेर काढली. जुना हिंगूळ पोपडे धरून बसला हुता, तो रॉकेलच्या बोळ्यानं घासून काढला. डिझेलच्या टोपणाला सुईएवढं भोक दिसलं. मला वाटलं गंज लागून पडलं. काल भोकाला डाग देऊन ते बुजवावं म्हणून गाडी मोहोळला नेली, तर सगळी वाट एकदाबी बंद पडली न्हाई.

मिस्त्री टोपण हातात घेऊन माझ्याकडं बघतच राह्यला. म्हणाला, हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. डिझेल खाली जाईल तशी टाकीत हवा यायला पायजे. भोक बुजलं की टाकी आतून ओढ धरती आन् इंजिनाला डिझेल मिळत न्हाई. टोपण उघडलं की हवा आत जाती, म्हणून गाडी पुन्हा चालू व्हायची. दाजी, गाडीचं नाक मीच दाबून धरलं हुतं, आन् दलाल तुमाला म्हणालो.

दुकानात चार माणसं हुती, ती हसली. मला त्यांचं काय वाटलं न्हाई. आक्का अंधारात पाण्याला जाती हे आठवलं आन् टोपण घेऊन तसाच माघारी फिरलो. ज्या दारात ओरडलो, त्याच दारात तेवढ्याच आवाजात माझी चूक सांगीन. तुमी म्हणाल तवा येतो. रुद्राणी तुमचीच हाय, तिला पदरात घ्या.

मायाप्पा


शुक्रवार पेठ
२३ ऑक्टोबर १९७८

चि. मायाप्पास आक्काचे आशीर्वाद.

पत्र मीच लिहिती, ह्यांच्यानं लिहवंना. दसऱ्याला दिवे लागंपतोर मी आपट्याची पानं घेऊन उंबऱ्यात बसले हुते. तू आला न्हाईस. दुसऱ्या दिवशी अक्कलकोटची माणसं आली आन् सुपारी फुटली. तुझं पत्र त्याच्या नंतर हातात पडलं. आता दुसऱ्याच्या पोरीला दिलेला शब्द कसा मोडायचा? तिनं काय केलंय आपलं? सोमलिंग तुझं पत्र वाचून गिरणीत गेला, डबा घरीच राह्यला.

मला तुझा राग लई आला. अजून हाय. पण भाऊ तू एकच. भाऊबीजेला ये. लग्नात मामा म्हणून पोराच्या पाठीशी तूच उभा राहायचा, असं ह्यांनी भावकीत सांगून टाकलंय. दारात ओरडून चूक सांगू नको, चहा प्यायला बस. बोळाला तेवढ्यानं कळंल.

एक इचारती. रुद्राणीला तू काय सांगितलंयस? आत्यानं नको म्हटलं असं पोरीला वाटत असंल तर ते मला सोसायचं न्हाई. तिला खरं सांगून मगच माझ्या दारात ये.

तुझी आक्का


बिरोबावाडी
२९ ऑक्टोबर १९७८

ती. सौ. आक्कास मायाप्पाचा शि. सा. न.

तू वळखलंस ते खरं. आत्याकडची माणसं मागं सरली, असंच मी घरात सांगितलं हुतं. काल रुद्राणी शेरडांना पाला टाकत हुती, तितं जाऊन समदं सांगितलं. हिंगुळाचं, तुझ्या दारातलं, दाजींच्या पत्राचं, दसऱ्याचं.

तिनं हातातलं काम थांबवलं न्हाई. रडलीबी न्हाई. शेवटी एवढंच इचारलं, की गाडी बंद पडली तवा तुमी दिसंल त्या माणसाला इचारत फिरलात, माझी सोयरीक मोडताना मला एकदा का न्हाई इचारलं? आक्का, अजून तिच्याकडं बघवत न्हाई.

भाऊबीजेला येतो. तीबी येती म्हणाली, तुला भेटायला. ती आली की पहिलं तिला जवळ घे, माझं मागनं बघ.

तुझा भाऊ,
मायाप्पा