माती न लागलेले सहा चेंडू

हार्टविग, मिनेसोटा
रविवार, ९ ऑगस्ट १९८७

प्रिय हिल्डा आत्या,

तुझा गुडघा आता पूर्ण वाकतो का? जिना चढू नकोस असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणजे तू चढत असणारच. इकडे उकाडा एवढा आहे की आज चर्चमध्ये सगळ्या बायका प्रार्थनेच्या पुस्तकांनी वारा घेत होत्या. आई बरी आहे. तुझ्या खोलीची खिडकी अजून नीट लागत नाही.

आधी एक दुरुस्ती. २७ जुलैच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की आदल्या दिवशीच्या बेसबॉल सामन्यात सातव्या डावात आर्लोचा चेंडू भरकटला आणि त्यावर त्यांचा माणूस तिसऱ्या बेसवरून घरी आला, त्यांना धाव मिळाली. तसं झालं नव्हतं. चेंडू सरळ आला होता, गुडघ्याच्या उंचीवर, जरासा डावीकडे. क्लेमच्या हातमोज्याला घासून तो मागच्या जाळीपर्यंत गेला. तेव्हा तो भरकटलेला नव्हता, सुटलेला होता. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या नावावर घातलेला दोष तो झेलणाऱ्या कॅचरच्या, म्हणजे क्लेमच्या, नावावर जायला हवा होता.

एवढं लिहून पाकीट बंद करायचं ठरवलं होतं. मग उठले, भांडी घासली, परत बसले.

काल आपण हरलो, पाच-चार. अल्फॉन्सने फोन करून सांगितलंच असेल, पण स्वतः काय केलं ते सांगितलं नसेल. तू त्याला पाठवलेलं पत्र त्याने सामन्याआधी स्टँडमध्ये उभं राहून वाचून दाखवलं. "मार्लिस लिहिते त्यावरून त्या आर्लोच्या हाताला दिशा नाही, त्याला बसवा आणि डेनिसला खेळवा," हे वाक्य दोनदा वाचलं. आपला मॅनेजर ऑर्विल खाली कुंपणाशी उभा होता. त्याने ऐकलं. माझ्याआधी अठ्ठावीस वर्षं संघाची ही नोंदवही तू लिहिलीस, आत्या. तुझ्या शब्दापुढे ऑर्विल जात नाही. डेनिसचा हात सहाव्या डावातच थकला, तरी आर्लो शेवटपर्यंत बाकावर जॅकेट घालून बसून राहिला. एवढ्या उन्हात जॅकेट, हात गरम ठेवायला.

"आता तरी आर्लोला मैदानात उतरवा," बर्निस फोगेल सॉसेजच्या शेगडीवरून ओरडली.

"हिल्डाने काय लिहिलंय ते ऐकलंस ना?" अल्फॉन्स म्हणाला.

"हिल्डा डुलुथला आहे. तिला तिथून दिसतं का?"

"तुझ्यापेक्षा जास्त दिसतं. तू सामना बघतेस की सॉसेज उलटतेस?"

"दोन्ही. आणि जळायला लागलं की मला दोन्हीकडचं कळतं."

नवव्या डावात त्यांच्या एका किरकोळ माणसाने उजव्या कुंपणावरून चेंडू मारला. दुसऱ्या कुठल्याही मैदानावर तो झेल झाला असता. मग नेहमीचं सुरू झालं. अल्फॉन्स म्हणाला, कुंपण दहा फूट मागे न्यायलाच हवं. बर्निस म्हणाली, मागे दफनभूमी आहे, तुझ्या सासूबाईंना सरकायला सांग. तो म्हणाला, त्या जिवंतपणी कधी सरकल्या नाहीत. सगळे हसले, हरत असूनही. मग बर्निस हलक्या आवाजात म्हणाली, "क्लेमला बसवलं असतं तर?"

सगळे तिच्यावर तुटून पडले. क्लेमला? मग चौथ्या नंबरवर बॅट घेऊन कोण जाणार, तू? जळकी सॉसेज घेऊन? माझ्याकडे वळून तिने विचारलं, "वही काय म्हणते गं, मार्लिस?"

मी म्हणाले, वहीत तसं काही नाही.

खरंच नाहीये. मी ते लिहिलंच नाही. एक चेंडू नव्हता, आत्या. सहा होते. पाच जुलैपासून सव्वीस जुलैपर्यंत सहा सुटलेले चेंडू मी भरकटलेले म्हणून लिहिले, सगळे आर्लोच्या नावावर. सगळे डावीकडचे. एकालाही क्लेमपर्यंत पोचण्याआधी माती लागली नव्हती, म्हणजे एकही आर्लोचा दोष नव्हता.

क्लेमच्या नावावर गेल्या पाच वर्षांत मिळून दोन सुटलेले आहेत. दोन. मी कालपासून तीनदा मोजले.

चौदा जूनला बॅटची कड लागून एक चेंडू त्याच्या मुखवट्यावर आदळला होता, तेव्हा मी तुला लिहिलं होतं की काही लागलं नाही, तो हसत उठला. हसत उठला हे खरं आहे. चार जुलैला तो आईच्या स्वयंपाकघरात कॉफी ओतत होता. कप डावीकडे होता. कॉफी टेबलावर पसरली, काठावरून त्याच्या बुटावर पडायला लागली, तेव्हा त्याला कळलं.

"डाव्या डोळ्यात धुकं आहे थोडं," तो म्हणाला. "जाईल."

मी म्हटलं, डॉक्टरकडे जा.

"डॉक्टर लायसन्सवाल्यांना कळवेल. मग दुधाचा टँकर तू चालवणार का?" पुसायला त्याने मला फडका दिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वही तुझ्याकडेच आहे ना, मार्ली?"

बस, एवढंच. खोटं लिही असं तो म्हणाला नाही. दुसऱ्याच दिवशी पहिला चेंडू सुटला आणि माझा हात आपोआप आर्लोच्या नावाकडे गेला. आर्लो मागच्या शरद ऋतूत नॉर्थ डकोटाहून आला, खाद्याच्या गिरणीत काम करतो, गावात त्याचं कोणी नाही. क्लेम माझा भाऊ. म्हणून सोपं गेलं. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

सव्वीस जुलैच्या सामन्यानंतर आर्लो माझ्या टेबलाशी आला. टोपी हातात. म्हणाला, "सातव्या डावातला तो चेंडू. त्याला माती लागली होती का? मला तिथून नाही वाटलं तसं."

मी म्हणाले, हो, लागली होती.

"असेल," तो म्हणाला. "तुम्ही जवळ होतात." आणि त्यानंतर तो डावीकडे खाली चेंडू टाकेनासा झाला. त्याचा सगळ्यात चांगला चेंडू तोच होता.

शाळेत जायच्या आधी तू मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर आकडे शिकवलेस, मैदानावरच्या जागांवरून: एक पिचर, दोन कॅचर. पहिल्या दिवशी सिस्टरनी विचारलं, सहानंतर काय, तर 'सात'ऐवजी मी सांगितलं, लेफ्ट फील्ड. तू ही गोष्ट सगळ्यांना सांगतेस. आता मला ती ऐकवत नाही.

नुसतं मनाला लागलं असतं तर मी गप्प बसले असते, असं वाटतं. पण मंगळवारी संध्याकाळी सहाला शाळेच्या हॉलमध्ये निवड आहे. जिंकलेल्या गावांचे मॅनेजर हरलेल्या गावांमधले तीन-तीन पिचर उचलून राज्य स्पर्धेला नेणार. कोल्ड क्रीकच्या मॅनेजरने ऑर्विलकडे आर्लोची चौकशी केली आणि वही मागितली. वहीत त्याच्या नावावर नऊ भरकटलेले आहेत. खरे तीन. नऊवाल्याला कोणी हात लावणार नाही. तीनवाल्याला तर ते आधी उचलतील.

आणि मी सहा फिरवले की ऑर्विल डोकं खाजवेल आणि विचारेल, क्लेमला झालंय काय? तो विचारेलच. खोटं उत्तर मला एकदाच सुचलं, ते आर्लोला देऊन झालं.

पानं फाडायचा विचारही आला. पण चूक खोडायची नाही, वर एक आडवी रेघ मारून शेजारी खरं लिहायचं आणि खाली आपलं नाव, हे तूच शिकवलंस. तसंच करणार आहे, सहाही ठिकाणी.

तू क्लेमला वाढवलंस. त्याची बाजू घेशील तर मला राग येणार नाही. पण सहा चेंडू त्याला दिसले नाहीत, आणि तो रोज पहाटे शाळेवरून टँकर नेतो. हे मी पाच आठवडे जाणून होते. भित्री म्हण, त्याहून वाईट म्हण. उद्या त्याची सुट्टी आहे, टँकर बाहेर निघणार नाही, म्हणून उद्याचा एक दिवस मी स्वतःला दिलाय.

परवा, मंगळवारी, पहाटे साडेचारला मी त्याच्या दारात असेन, तो किल्ल्या घ्यायच्या आधी. सेंट क्लाउडला डोळ्यांच्या डॉक्टरांची दहाची वेळ ठरवलीय, त्याच्या नावाने, त्याला न विचारता. तो गाडीत बसेल की माझ्या तोंडावर दार लावेल, माहीत नाही. संध्याकाळी साडेपाचला वही घेऊन ऑर्विलकडे. त्याच्या आधी गिरणीत आर्लोकडे, कारण माती लागली नव्हती हे त्याने हॉलमध्ये, सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकू नये.

हे पत्र उद्याच्या टपालाने निघेल, म्हणजे तुझं उत्तर यायच्या आत सगळं झालेलं असेल. तसंच ठरवलंय मी. तू "थांब" म्हणालीस तर मी थांबेन, हे मला माहीत आहे.

तू म्हणशील तशी, तुझी,
मार्लिस