म्हसोबाच्या अंगातली पिवळी रेघ

मंगळवार, संध्याकाळ. दिंडोरीचा मळा.

आज ट्रॅक्टर वळवताना मागचं फवारणीचं यंत्र बांधावरच्या म्हसोबाला घासलं आणि शेंदराचा जाड थर एकदम गळून पडला. आत पांढरीशुभ्र गारगोटी. तिच्यात केसाएवढी पिवळी रेघ. सोनं!

लहानपणापासून ज्याच्यापुढे नारळ फोडले, तो हा?

अण्णा धावत आले. वाटलं, आता वडिलांच्या शिव्या खाव्या लागणार. पण ते शेंदराच्या खपल्या गोळा करत म्हणाले,

"माझा आजा इंग्रजांच्या काळात कोलारच्या सोन्याच्या खाणीत व्हता. त्यानं आणलाय."

"पण तिथं गेटवर झडती घ्यायचे ना?"

"शेंदूर फासून आणला. देवाची झडती कोण घेतंय?"

म्हणजे चोरीचा! ती खाण केव्हाच बंद पडली, आणि आमच्या बांधावर तिचा तुकडा अजून नैवेद्य खातोय.

पण खरा हादरा पुढे बसला. तेलात शेंदूर कालवून फासण्याआधी अण्णांनी त्या पिवळ्या रेघेवरून अंगठा फिरवला. चष्मा घरी होता, तरी नेमका तिथंच. किती वेळा पाहिली असेल त्यांनी ती?

शेंदूर फासून झाल्यावर मला म्हणाले, "बघतो काय? पाया पड."

पडलो.