विडीच्या वेळचं गाणं

१४ जानेवारी ८५, सोमवार
संक्रांत. बाबल सकाळी खोलीवर आला. गावच्या आमच्या वाडीतला, ट्रक घेऊन आठ-पंधरा दिवसांनी मुंबईत येतो. सौ.ने त्याच्याबरोबर तिळाचे लाडू पाठवले.
"आणि?" मी विचारलं.
"आणि काय? लाडू गोड आसत."
निरोप नाही. मागच्या खेपेलाही नव्हता. लाडू देवापुढे ठेवले, मग एक खाल्ला. गूळ थोडा करपलेला. तिच्या हातचे कधी करपत नाहीत. घाईत केले असतील, किंवा लक्ष नसेल.
दुकानात दिवसभर साड्यांच्या घड्या. हिंदमाताला आज बायकांची झुंबड, सगळ्यांना काळीच हवी. साडी बोटांना लागली की कळते, पॉवरलूमची. मिलमध्ये साच्यावर चोवीस वर्षं कापड विणलं, आता दुसऱ्याने विणलेलं घडी करतो. तक्रार नाही. लिहून ठेवतो इतकंच.

२० जानेवारी, रविवार
संध्याकाळी भजनाची तालीम. पुढच्या महिन्यात भोईवाड्याच्या देवळात डबलबारी आहे. म्हणजे दोन मंडळं समोरासमोर, एकदा त्यांनी म्हणायचं, एकदा आम्ही, मध्ये एकमेकांना टोमणे. लोक भजनाला येतात की टोमण्यांना, देव जाणे.
आमच्या मंडळाच्या बुवांनी नवा गजर रचलाय, पण त्याला चाल सापडेना. तीन चाली लावून पाहिल्या. तिन्ही सिनेमातल्या, तिन्ही गाजलेल्या. बुवा वैतागले. "ह्या लावल्या तर समोरचा बुवा मला तिथेच सोलेल. म्हणेल, विठोबाला थेटरात नेलात काय?"
मी पखवाजाला कणीक लावत होतो. गुणगुणत होतो हे मला ठाऊकही नव्हतं.
"नारायणा, हे काय म्हणतोस?"
"काही नाही बुवा."
"काही नाही कसं? परत म्हण."
म्हटलं. पेटीवर लगेच बसलं. गजराचे शब्द त्यात असे गेले की जणू त्यासाठीच.
"कुठली चाल? गावची?"
"नाही बुवा. सिनेमातलीच आहे."
"कुठल्या? मला कशी माहीत नाही?"
मी म्हटलं, "कुणालाच नाही. त्या गाण्याला सगळे विडीला जात."
बुवा खूप हसले. म्हणाले, मग हीच.

२१ जानेवारी, सोमवार
लिहायचं नव्हतं, पण काल रात्रीपासून तेच डोक्यात आहे.
गिरणी संपाचा पहिला उन्हाळा. मिल बंद, मी घरी. लग्न होऊन इतकी वर्षं झाली पण दुपारची वेळ दोघांनी घरात कधी काढली नव्हती. पाळ्याच तशा. पहिले काही दिवस तर एकमेकांची अडचणच व्हायची. सौ. केर काढायची, मी पाय वर घ्यायचो.
एक दिवस ती म्हणाली, लालबागच्या थेटरात संताचा सिनेमा लागलाय, जाऊया. गेलो. बाहेर बोर्ड संताचाच. तिकीट काढून आत बसलो तर पडद्यावर केस उभे केलेली पोरं, फाटके शर्ट, अंगावर साखळ्या, आणि गिटारींचा असा कल्लोळ की मिलचं साचेखातं परवडलं. सिनेमा आदल्या दिवशीच बदलला होता, बोर्ड उतरवायचा राहिला होता. मी उठायला लागलो. सौ.ने शर्ट धरून खाली बसवलं. "बसा. बोर्डावरचो देव आपणाक बगता हा."
सिनेमाचं नाव लिहीत नाही. नाव ऐकलं की माणसं हसतात.
त्यातल्या मुख्य पोराने कानात सेफ्टी पिन घातलेली. मारामाऱ्या करतो, काचा फोडतो. आणि मध्येच, कशाचा कशाला संबंध नसताना, एक गाणं. बंदराच्या धक्क्यावर एक मुलगी बसलेली, तिच्या चपलेचा पट्टा तुटलेला. हा येतो, कानातली पिन काढतो, पट्ट्याला लावतो. तेवढंच. मागे एकच गिटार, तीही हळू. शब्द हिंदी, मला अर्धेच कळले.
गाणं सुरू झालं तसं अख्खं थेटर विडीला बाहेर. आम्ही दोघं आणि पुढच्या रांगेत झोपलेला एक म्हातारा.
सौ.च्या बांगडीत नेहमी दोन-तीन पिना अडकवलेल्या असतात. तिने त्यांना हात लावला आणि म्हणाली, "आमची बांगडीतली पिन. मेल्यान कानात घातल्यान." मग हळूच, "बरां हा पण."
त्यानंतर ते गाणं ती म्हणायची. तांदूळ धुताना. पाणी ओतून द्यायची वेळ आली की थांबायची.

२७ जानेवारी, रविवार
तालीम. घोटाळा झाला. मला मुखडाच येतो. अंतरा सुरू होतो तिथे आवाज वर जातो एवढं आठवतं, पुढे काही नाही. बुवांनी दोनदा तीनदा म्हणवलं. मी दर वेळी वर जाऊन तिथेच लोंबकळतो.
"अरे, चढवलास, आता उतरव की."
उतरवता येत नाही.

३० जानेवारी, बुधवार
दुकानातून सुटल्यावर कॅसेटवाल्याकडे गेलो. सिनेमाचं नाव सांगितल्यावर तो हसला. दोन गाणी आहेत म्हणाला, दोन्ही कल्लोळाची. हे तिसरं रेकॉर्डवर घेतलेलंच नाही म्हणे.
तिथून लालबाग. थेटरातला डोअरकीपर तोच आहे, आता चष्मा लागलाय. त्याला पिन आठवली, मुलगी आठवली. गाणं?
"साहेब, त्या गाण्याला पब्लिक बाहेर. मग मला दारावर उभं राहायला नको? मी पण बाहेरच."
म्हणजे ते गाणं पुरतं ऐकलेली मुंबईत किती माणसं असतील. आणि त्यातलं एक मुंबईत नाही.

३ फेब्रुवारी, रविवार
बुवांना आज सांगावं लागलं की बरोबर सौ. होती आणि तिला अंतरा येतो.
"मग विचार की वहिनींना. बाबलबरोबर निरोप दे, नाहीतर जाऊन ये. तू दोन वर्षांत गेला कुठे आहेस? गणपतीलाही नाही."
मी पखवाजाची शाई बघत बसलो. मग म्हटलं, बुवा, गजर देवाचा आणि चाल ही अशी, हे चालेल ना?
"विषय बदलू नको. देवाला माहीत नाही काय, तू कुठून आणलीस ते? त्याला चालतं. तुझं तू बघ."

४ फेब्रुवारी, सोमवार
बुवांना उत्तर दिलं नाही, निदान इथे देतो.
८३ च्या मे महिन्यात सौ. गावी गेली. आमची मुलगी बेबी लग्न होऊन चिपळूणला गेली होती, खोलीत आम्ही दोघंच. तिने काही मागितलं नाही. मीच म्हटलं, जा, तिथे निदान भात आहे, माझा भाऊ आहे. परळच्या डेपोत बस सुटताना मी खिडकीपाशी म्हणालो, "मिलचा भोंगा झाला की न्यायला येतो."
ती म्हणाली, "बरां."
भोंगा झाला नाही. दुसऱ्या मिलांचे होतात. करी रोडच्या पुलावर उभं राहिलं की वेगवेगळे ओळखू येतात. आमचा नाही. आमच्या मिलमध्ये थोड्या लोकांना परत घेतलं, त्यांच्या पाळीला भोंगा लागत नाही, बोलावून घेतात. माझं नाव त्यांत नाही. येईल असं आता वाटतही नाही.
मग जाणार कसा? गेलो तर ती पहिलं विचारणार, भोंगा झाला का. नाही म्हटलं तर ते डेपोतलं बोलणंच संपलं. न जाता निदान ते उभं आहे.
ती तिथे त्याच बोलण्यावर बसली आहे की उठली कधीच, ते मला माहीत नाही. भाऊ पत्रात लिहितो, वहिनीने मागच्या परसात मिरची लावलीय, चांगली येते. मिरची लावणारा माणूस राहायच्या तयारीने लावतो.

९ फेब्रुवारी, शनिवार
बाबल आला होता, उद्या माल भरून परत जातोय. त्याला सांगितलं. सौ.ला विचार, त्या गाण्याचा अंतरा कसा. तुला म्हणून दाखवेल तो लक्षात ठेव आणि मला येऊन म्हण.
बाबल माझ्याकडे बघत राहिला. "काका, मी ट्रक चलवतंय. माझ्या हॉर्नाक पण सूर नाय."
"प्रयत्न कर."
"दुसरा काय सांगू?"
"दुसरं काही नाही."

१८ फेब्रुवारी, सोमवार
बाबल दुकानावरच आला. गिऱ्हाईक होतं, तरी शेठ म्हणाले, बोलून घे.
सौ. भात वाळत घालत होती म्हणे. त्याने निरोप सांगितला. ती आधी ऐकल्यासारखं न करता काम करत राहिली. मग तिने विचारलं, कुठलं गाणं? बाबल म्हणाला, माका काय म्हायत, कानात पिन घालतत ता. तेव्हा हसली म्हणे.
"अंतरा सांगितला का?"
"नाय. म्हणाली, चाल काय पार्सलान धाडूची आसता? आयकूची आसली तर हय येवा म्हणान सांग."
"रागाने म्हणाली?"
"काका, ता माका कसा कळात? भात पसरी होती."
मी परत घड्या घालायला लागलो. एका साडीची घडी तीनदा चुकली.

२४ फेब्रुवारी, रविवार
काल बारी झाली. गर्दी चांगली. आमचा गजर सुरू झाला आणि समोरचा बुवा कान लावून बसला. चाल ओळखता येईना त्याला. शेजारच्याला विचारत होता, तोही मान हलवत होता. आमचे बुवा माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते. मुखडा लोकांना फार आवडला, बायकाही टाळ्या धरून म्हणायला लागल्या. मला हात पखवाजावर आहेत याचा क्षणभर विसर पडला. आम्ही दोघांनी ऐकलेलं ते इतकी माणसं म्हणत होती, आणि विठ्ठलाला म्हणत होती. बरं वाटलं. अगदी बरं वाटलं.
अंतऱ्याच्या जागी बुवांनी परत मुखडाच फिरवला, मग परत. समोरच्या बुवाने बरोबर तिथे पकडलं. त्याची पाळी आल्यावर पेटीवर हात ठेवून म्हणतो, "चाल झकास हां बुवा. पण काय आहे, तुम्ही नुसतं दार बांधलंत. दारातून आत जावं तर पुन्हा दारच. घर बांधायचं राहून गेलं वाटतं?"
लोक हसले. आमचे बुवाही हसले, तसा मोठा माणूस आहे. परत येताना मात्र म्हणाले, "टोमणा मला होता. तुझं तोंड का उतरलंय?"

२६ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी पूजा करताना देवाला विचारलं. उत्तर येत नाही, यायचंही नसतं. पण विचारल्यावर प्रश्न लहान झाला. भोंगा होणं माझ्या हातात नाही. अंतरा विसरलो आहे हे खरं आहे. खरं कारण घेऊन माणूस कुठेही जाऊ शकतो.
शेठना सुट्टी विचारली. म्हणाले, शिमगा आलाय, जा, पण लगेच ये.
परतीचं तिकीटही काढलं, पुढच्या बुधवारचं. खिडकीवरचा विचारतो, "एक?" मी जरा थांबलो. मागचा ओरडला, "ओ काका, लवकर बोला." एक म्हटलं.

३ मार्च, रविवार. गाव
काल संध्याकाळी पोचलो. सौ. परसात होती, मिरच्या तोडून ओच्यात टाकत. केस कानाशी पांढरे झालेत. मला बघितलं, ओचा सोडला नाही.
"भोंगो झालो?"
"नाय."
"मगे कशे इलात?"
"अंतरो इसारलंय."
तिने बाकीच्या मिरच्या तोडल्या. मग म्हणाली, "हातपाय धुवा."
जेवताना मी बारीची हकिगत सांगितली. दाराचा टोमणाही सांगितला. तो ऐकून ती हसली नाही. भात वाढला आणि म्हणाली, म्हणा बघू तुमचा मुखडा. भाऊ समोर बसलेला, तरी म्हटला.
"तुमी मुखडो पण चुकीचो म्हणतात," ती म्हणाली. "तुमी देवाक हाक मारल्यासारखो म्हणतात. तो पोरगो हाक मारी नाय. तो पट्टो लावी होतो."
अंतरा? "आज नको. हात खरकटे."

आज सकाळी देवळात जायला निघालो. शर्टाचं वरचं बटण प्रवासात कुठे पडलं. मी उगाच शोधत होतो. सौ.ने बांगडीतली पिन काढली आणि समोर उभी राहून लावली. लावताना गुणगुणत होती. मुखडा. खरंच माझ्यासारखा नाही, बराच खालून, थांबत थांबत. मी श्वाससुद्धा जपून घेतला. आवाज वर जायची जागा आली, आणि तिने पिनेचं तोंड बंद केलं.
"तिकीट कधीचा हा?"
"बुधवारचं."
"एक?"
"एक. आणखी मिळेल. नाहीतर हेही परत देता येतं."
ती घागर घेऊन विहिरीवर गेली.
मी ओट्यावर बसून हे लिहितो आहे. देवळात अजून गेलेलो नाही. विहिरीकडून अंतरा ऐकू येतो का बघतो. रहाटाचा आवाज येतो आहे.