गुरुवारची खुर्ची

प्रिय बटणतोडे,

पत्र बघून नाक मुरडलंस ना? मुरड. तिथे निरीक्षणगृहात दुसरं मुरडायला आहे तरी काय! माझ्या अक्षराला मात्र हसायचं नाही. गावच्या शाळेत मी वर्गात कमी आणि बाहेर अंगठे धरून जास्त असायचे, त्यामुळे शुद्धलेखन बेताचंच.

आपल्या बालगृहाच्या मोठ्या बाई तुला भेटून आल्या. मंगळवारी तुझी बाल न्याय मंडळापुढे सुनावणी आहे, आणि तू म्हणे आत्ताच जाहीर करून टाकलंयस, की सुधारगृहात कुलपाआड राहीन पण त्या समुपदेशक बाईंपुढे बसणार नाही, मी काय वेडी आहे का! बरोबर आहे गं. तू वेडी नाहीस, आगाऊ आहेस. आगाऊपणावर औषध असतं तर आधी मीच नसतं का घेतलं?

इकडे बालगृहाच्या ऑफिसला नव्या काचा बसल्या. आधीच्यांपेक्षा बऱ्या दिसतात, तेवढं श्रेय तुझं. रखवालदारदादाच्या कपाळाचे टाके निघाले. येणाऱ्याजाणाऱ्याला मिशीला पीळ देऊन सांगतो, चोराशी झटापट झाली म्हणून. विटेचा तुकडा कुणी फेकला ते बोलत नाही. मला मात्र म्हणाला, दारात गाडी उभी करून मग पोरीला सांगायचं, चल, तुला दुसऱ्या गृहात हलवलंय, ही काय रीत झाली? मंगळवारी तो हेच सांगणार आहे. तू त्याची माफी माग. तिथे मी तुझी बाजू घेणार नाही, त्याला डोळ्याच्या अगदी वर लागलंय.

शिवणखोलीत फार शांत वाटतं. बाकीच्या मुलींची बटणं महिनोन्‌महिने जागची हलत नाहीत, तुझी तेवढी आठवड्याला तुटायची. मी म्हणायचे, ही शर्ट घालते की चघळते? तू स्वतःच उपटतेस, हे पहिल्याच दिवशी दोऱ्याची टोकं बघून कळलं होतं मला. मशीनच्या टेबलाखाली पाय मुडपून बसायला तुला काहीतरी निमित्त हवं होतं. आणि तू मला सुईत दोरा ओवून द्यायचीस ना, मावशीला दिसत नाही म्हणून? मला चांगलं दिसतं. सुईचं नाक काय, मोठ्या बाईंच्या नाकावरचा राग पण लांबून दिसतो. निमित्त काय तुला एकटीलाच लागतं?

आता गंमत ऐक. तुला तिकडे नेल्यावर तू समुपदेशक बाईंकडे जायचं थांबवलंस, तेव्हा मला धास्ती पडली की तुझी गुरुवारची वेळ दुसऱ्या कुणाला देऊन टाकतील. बाहेर बाकावर मुलं वाट बघत बसलेली असतातच. मग मी एस्टीत रुमाल टाकून जागा धरतात तशी गेले आणि तुझ्या खुर्चीत बसले. बाई हसल्या. म्हणाल्या, मंडळाचा निकाल होईपर्यंत वेळ तिचीच आहे, जागा धरायची गरज नाही, पण आलाच आहात तर बसा. मी त्यांचं नाव बोलक्या बाई ठेवलंय, कारण बोलत काहीच नाहीत. तुझ्याबद्दल खोदून खोदून विचारलं, पण तोंडातून चकार शब्द नाही. तू तिथे काय बोललीस, किती शिव्या दिल्यास, काही सांगेनात. उलट मलाच विचारतात, मावशी, तुमचं कसं चाललंय?

माझं कसं चाललंय, हे माझा नवरा, म्हणजे तुझे काका, गेल्यापासून मला कुणी विचारलं नव्हतं गं. मी थट्टा करते ना, त्यामुळे सगळ्यांना वाटतं हिचं छान चाललंय. त्या दिवशी पण मी आधी दोन विनोद केले. तिसऱ्याला रडूच कोसळलं. मग सांगितलं त्यांना, की काकांच्या खोलीची खिडकी मी अजून उघडलेली नाही. वारा लागला की त्यांना खोकला यायचा. आता खोकायला माणूसच नाही, तरी खिडकी बंद. बाईंनी मला वेडी म्हटलं नाही. उघडा, असंही म्हटलं नाही. पुढच्या गुरुवारी मी परत गेले, मग त्याच्या पुढच्याही. आता त्यांनी मला माझी वेगळी वेळ दिलीय, बुधवारची. तुझी खुर्ची रिकामी आहे. थोडी खोलगट झाली असेल, माझं वजन तुला माहीतच आहे.

तर पत्राचं कारण असं. मंगळवारी मंडळाचे साहेब तुला दोन गोष्टी विचारतील. गुरुवारी बाईंकडे जाशील का, ही पहिली. आणि दुसरी, सुधारगृहाऐवजी एका बाईच्या घरी राहशील का. ती बाई मी आहे. अर्ज केला, सरकारी ऑफिसातल्या दोन मॅडम येऊन माझी मोरीसुद्धा तपासून गेल्या, आणि हो म्हणाल्या. आता फक्त तुझं हो राहिलंय. लोकांनी घालवायच्या आत आपणच तोडफोड करून निघायचं, हा तुझा हिशेब मला ठाऊक आहे. माझ्याकडे आलीस तरी करशील कधीतरी. कर. मी ओरडेन, तुझ्याकडूनच झाडून घेईन, आणि जेवायला हाक मारीन. दारात गाडी येणार नाही. काकांची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवलीय, आणि खिडकी काल उघडली. फार कुरकुरली, पण उघडली. तेव्हा ती तरी फोडू नकोस.

तुझीच,
सगळं नीट दिसणारी मावशी