शेक आणि सोयरीक

३ मार्च १९९७, सोमवार
आजपासून शेक सुरू. डॉक्टर रेडिएशन म्हणतात, पण हॉस्पिटलात वॉर्डबॉयपासून पेशंटपर्यंत सगळे शेकच म्हणतात. कंबर धरली की आपण विटेचा शेक घेतो, तसा हा छातीला. एवढंच. आजाराचं नाव या वहीत लिहायचं नाही. ठरलं.

छातीवर जांभळ्या शाईने चौकोन काढला, मध्ये फुली. सिडकोने प्लॉट पाडावा तसा. सहा आठवडे पुसायचा नाही. साबण नाही, तेल-पावडर नाही, तिखट नाही.

घरात फक्त बायकोला, गिरजाला माहीत. अक्षताला अल्सर सांगितलंय. रविवारी तिला बघायला कोपरखैरण्याची मंडळी येणार. मुलगा अश्विन, वाशीला टेलिफोन खात्यात. दोघांची आधीच ओळख आहे, बघणं नावापुरतं. पण बापाला असलं काही आहे म्हटल्यावर कोण सोयरीक करील? लग्न लागेपर्यंत कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. ठरलं.

६ मार्च
काहीही त्रास नाही. बाकीचे पेशंट बाकावर माना टाकून बसलेले, मी ताठ. एकाला धीर दिला. तो म्हणाला, पहिल्या आठवड्यात सगळे असंच बोलतात. निराशावादी माणूस.

९ मार्च, रविवार
मंडळी आली. जयभीम झाला, खुर्च्या कमी पडल्या. मुलाचे वडील जोतीराम मार्केटला मुकादम आहेत, आवाज मोठा, साधं पाणी मागितलं तरी खालच्या मजल्यावर ऐकू जाईल. आई सत्यभामाबाई बोलतात कमी, बघतात जास्त.

मी मिरचीची भजी चार खाल्ली. सगळ्यांसमोर, मुद्दाम. पांढऱ्या शर्टच्या गळ्याशी जांभळी रेघ दिसत होती, सत्यभामाबाईंची नजर तिथेच. मी लगेच म्हणालो, पेन गळला. त्या म्हणाल्या, गळतात पेनं. पटलं त्यांना. खिशाला पेन नव्हता हे मागाहून लक्षात आलं, पण त्यांच्या आलं नसणार.

पसंती झाली. लग्न दिवाळीनंतर, डिसेंबरात. आपल्यात मुहूर्ताची भानगड नाही, रविवार बघायचा आणि हॉल. डिसेंबरपर्यंत मी ठणठणीत असणार.

१० मार्च
सकाळी साबणाने घासून रेघा काढून टाकल्या. पुन्हा कोणाला दिसायला नकोत. गेला आठवडाभर त्याच जागेवर शेक दिलाय, आता मशीनला जागा पाठ असणार.

मशीनला पाठ नसते. टेक्निशियन बाई सगळ्या रांगेसमोर ओरडली, काका, ही काय रांगोळी हाय का, रोज पुसा नि रोज काढा? पुन्हा मापं, पुन्हा शाई. सगळी सकाळ गेली. सोबत गिरजा होती, तिला डॉक्टरांनी एकटीला आत बोलावलं. साबणाबद्दलच असणार. बाहेर आली ती गप्प. मी म्हटलं, एवढं काय मनाला लावून घेतेस, साबण मी लावला, तू नाही.

१९ मार्च
घास छातीत अडतो. दोष पिठाचा. गिरणीवाल्याकडे जाऊन त्याला सुनावलं की तू हल्ली जाडं दळतोस. त्याने ऐकून घेतलं. संध्याकाळी भात खाल्ला. भातही अडतो. तांदूळ बदलायला हवा.

चहा गार करून प्या, असं गिरजा दहादा सांगते. गार चहा पिण्यापेक्षा न पिणं बरं. न पिणंच चाललंय.

२२ मार्च
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आहे. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून लगेच नोटीस लिहून बोर्डावर लावली: जिन्यात सामान ठेवू नये. वर येताना त्याच खुर्चीत जरा बसलो. तपासायला. मजबूत आहे.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचा मधुकर आला. म्हणाला, बसा सेक्रेटरीसाहेब, बिनधास बसा, हितं हवा मस्त येते. आमच्या जिन्याला खिडकी नाही.

२६ मार्च
छातीवरचे केस गळाले, बरोबर चौकोनात. कातडी तव्याच्या बुडासारखी काळी. खाज सुटली म्हणून थोडी पावडर टाकली. दुपारभर नुसती आग. पावडर भेसळीची असणार.

तळोज्याला कंपनीत स्टोअरच्या टेबलावर डोकं ठेवून विचार करत होतो. साहेबांनी खांद्याला हात लावून उठवलं. म्हणाले, बाजीराव, दोन महिने घरी बसा, पगाराचं टेन्शन घेऊ नका. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या कामाची कदर केली.

३० मार्च, रविवार
जोतीराम एकटेच आले. बोलता बोलता मी सहज टाकलं की डिसेंबरात हॉल मिळायची पंचाईत होते. ते लगेच म्हणाले, मग कशाला थांबायचं बाजीराव, येत्या वीस एप्रिललाच उडवून देऊ बार. एका वाक्यात माणूस आठ महिने अलीकडे आला! याला म्हणतात बोलणी. कंपनीने मला स्टोअरऐवजी परचेसला घ्यायला हवं होतं.

गिरजाला सांगायला आत गेलो तर ती कांदा चिरत होती, डोळ्यांना पदर. एपीएमसीचा कांदा हल्ली भलताच तिखट येतो.

लवकर होतंय ते बरंच. लपवायचे दिवस कमी. खरं सांगायचं तर भीती वाटते. खोकल्याची उबळ नको त्या वेळी आली आणि माझ्यामुळे पोरीचं मोडलं, तर तिला तोंड कसं दाखवू?

११ एप्रिल, शुक्रवार
शेक संपला! टेक्निशियन बाईला पेढा दिला. तिने मला खाताय का विचारलं, मी म्हटलं गोड सोडलंय. संपलं म्हणजे आजार संपला. उद्या मटण. ठरलं.

१२ एप्रिल
मटण नाही. पाण्याचा घोटसुद्धा टोचत उतरतो. शेक संपल्यावर पंधरा दिवस त्रास वाढतो, असं डॉक्टर म्हणाले होते. मला वाटलं ते बाकीच्यांना सांगतायत.

बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. बाहेर आलो तर गिरजा टॉवेल घेऊन दारातच उभी. पाणी जाईल म्हणून नळ बंद करायला आली असेल.

१७ एप्रिल
आमच्याकडे लग्नाच्या संध्याकाळी व्याहीभोजन असतं. व्याह्याने व्याह्याशेजारी बसायचं आणि मटण हाणायचं. सगळे बघत असतात, कोण किती खातो. तिथे मी नुसता बसलो तर संपलंच.

प्लॅन तयार आहे. चावायचं, ठसका आल्यासारखं करायचं आणि रुमालात काढायचं. तीन रुमाल लागतील. आज पावावर तालीम केली. गिरजा म्हणाली, कशाला ही नाटकं, जमेल तेवढंच खावा ना. मी म्हटलं, तुला ही सोयरीक मोडायची आहे का? तिने उठून माझे रुमाल धुवायला घेतले.

२१ एप्रिल, सोमवार
काल लग्न लागलं. त्रिशरण-पंचशील म्हणताना आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलवले. अक्षता छान दिसत होती. माझ्याकडेच बघत होती सारखी.

संध्याकाळी गच्चीवर पंगत. मी जोतीरामांशेजारी, तिन्ही रुमाल खिशात. सगळ्यांच्या पानात मटण वाढलं. माझं पान रिकामं. मग सत्यभामाबाई आल्या, पिशवीतून डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. पेज. गार केलेली, बिनतिखटाची. चमचासुद्धा घरून आणलेला. अख्खी पंगत एकदम मान खाली घालून आपापल्या पानात बघायला लागली.

जोतीराम हळूच म्हणाले, जेवा बाजीराव, घाई नाय, आमी बी सावकाश जेवतो. त्यांना हळू बोलता येतं हे मला काल कळलं.

सगळी पेज खाल्ली. रुमाल लागले नाहीत.

रात्री काही विचारवलं नाही. आज सकाळी गिरजाला समोर बसवलं. अक्षताने अश्विनला ते लोक बघायला यायच्या आधीच सांगितलं होतं. अल्सरला छातीवर चौकोन काढत नाहीत, एवढं पोरीला कळतं. साहेबांना फोन गिरजाने केला होता. खुर्ची मधुकरची.

मग मी तारखेचं विचारलं. गिरजा पदराचं टोक पिळायला लागली. म्हणाली, त्या साबणाच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, घरात काय कार्य असंल तर दिवाळीवर टाकू नका. ती जोतीरामांच्या घरी गेली, तसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाली, मोडायचं तर आत्ताच मोडा. ते म्हणाले, मोडायचं कशाला, पोरीचा बाप उभा हाय तवर लगीन लावू.

म्हणजे बोलणी मी केलीच नव्हती.

कॅन्सर. लिहिला.

खाली जाऊन बोर्डावरची नोटीस काढली. वर येताना खुर्चीत बसलो, यावेळी तपासायला नाही.

सत्यभामाबाईंचा डबा गिरजाने घासून ठेवलाय. पुढच्या रविवारी मी स्वतः कोपरखैरण्याला नेऊन देणार, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, बघू.

बघू.